सगळ्याला चार म्हणणारा देव

रविवारी सकाळी नऊ वाजता माझ्या धाकट्या बहिणीच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. खाली तिच्या नवऱ्याची लाँड्री, वर एक बंद खोली, आणि त्या खोलीत म्हणे साक्षात परमात्मा उतरत होता. आत बसलं की पंधरा मिनिटांत डोकं जड होतं, डोळ्यांपुढे रंग नाचतात, पाय जमिनीला टेकत नाहीत! टेलरमास्तरांना तिथे त्यांची वारलेली आई दिसली होती. पोस्टमनला त्याची जिवंत सासू दिसली, पण हसताना. तो चमत्कार जास्त मोठा मानला गेला.

या सगळ्याचे सूत्रधार गुंगीबाबा, मूळचे त्याच खोलीचे भाडेकरू. लाँड्रीच्या बॉयलरचं धुराडं खोलीच्या कोपऱ्यातून वर गच्चीवर गेलं होतं. त्या कोमट पाइपाला बाबांनी 'ऊर्जास्तंभ' असं नाव दिलं होतं आणि भली भली माणसं त्याला मिठी मारून बसायची. खिडकी खिळे ठोकून बंद. "ऊर्जा गळते, बेटा!" बाबा स्वतः मात्र दाराबाहेर, जिन्याच्या वाऱ्यावर खुर्ची टाकून बसायचे. का, असं विचारलं तर म्हणायचे, "आम्ही आधीच पोचलेलो आहोत."

मी नर्स आहे. बावीस वर्षं लोकांची दुखणी आणि थापा दोन्ही बघत आलेय. बहिणीला आठवा महिना होता. बाबांनी तिला दोनदा आत बसवलं, दोन्ही वेळा तिला उलट्या झाल्या आणि डोकं फुटायची वेळ आली. खाली आली की बरं. "बाळाचं तेज आईला सोसत नाही," बाबांचं निदान! आणि त्यावर उपाय काय, तर रविवारी पुरा तासभर बसवायचं.

मला त्या पाइपाचाच संशय होता. म्हणून शनिवारी मी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणून भावोजींच्या हातात ठेवला. म्हटलं, "भावोजी, कोळसा, लाकूड, गॅस नीट जळला नाही की हा वायू तयार होतो. रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. हे वाजलं की सगळ्यांनी बाहेर पडायचं."

"ताई, तुमच्या समाधानासाठी लावतो," असं म्हणून त्यांनी तो वरच्या खोलीच्या भिंतीवर लावला. कशासाठी आहे ते मात्र कोणाला सांगितलं नाही.

तर रविवारी मी पोचेपर्यंत बहीण आत बसलेली होती. मी अर्ध्या जिन्यात असतानाच अलार्म वाजला. पीप, पीप, पीप, पीप. थोडं थांबून पुन्हा चार.

"देव बोलला!" बाबा ओरडले. खरं तर ते स्वतःच दचकले होते, पण गडी हुशार. "विचारा, प्रश्न विचारा!"

"माझ्या लग्नाला किती महिने?" एकाने विचारलं. पीप, पीप, पीप, पीप. "चार!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मला मुलं किती होतील?" चार. तो बिचारा खालीच बसला.

"मी अजून किती वर्षं जगेन?" पेन्शनर आजोबांनी विचारलं. चार. आजोबांनी हुंदका दिला.

कोणीतरी शहाणा म्हणाला, "थांबा, परीक्षा घेऊ. दोन अधिक दोन किती?" पीप, पीप, पीप, पीप. मग काय विचारता! लोक वेडेच झाले.

"अहो, एक अधिक एक विचारा!" मी गर्दीत कोपरं मारत किंचाळले. विचारलं. चार.

बाबा शांतपणे म्हणाले, "देवाचं गणित आपल्यापेक्षा पुढचं आहे."

मी कशीबशी दारात पोचले. बहीण पाइपाला टेकली होती, मान कलली होती. "विषारी वायू आहे, बाहेर व्हा!" मी ओरडले. कोणी हललं नाही. उलट एक बाई म्हणाली, "सिस्टर, रांगेत या."

तेव्हा मी सरळ खोटं बोलले. "साप!"

दोन मिनिटांत खोली रिकामी. सगळ्यात आधी अंगणात पोचले ते बाबा. मी आणि भावोजींनी बहिणीला उचलून खाली मोकळ्यावर आणलं, कामगारांना बाहेर काढून बॉयलर बंद केला, अँब्युलन्स आणि अग्निशमन दलाला फोन केला.

दलाचा जवान हवेच्या टाकीचा मास्क लावून गच्चीवर गेला आणि धुराड्याच्या तोंडातून तीन ओल्या चादरी ओढून काढल्या.

"हे कोणी कोंबलं?"

"मी," भावोजी पुटपुटले. "वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर काजळीचे ठिपके पडायचे. गिऱ्हाइकं बोंबलायची. म्हणून वाळेपर्यंत बोळा लावायचो."

"बॉयलर चालू ठेवून?"

"मग बाकीच्या चादरी धुवायच्या कशा?"

खाली शटर उघडं असायचं म्हणून कामगार वाचले. वरच्या खोलीत मात्र पाइपाच्या सांध्यांतून वायू झिरपत होता. मी बाबांना विचारलं, "तुम्हाला कधी काही झालं नाही?"

"पहिल्याच आठवड्यात डोकं धरलं की! म्हणून तर अंथरूण जिन्यात नेलं."

"आणि लोकांना आत बसवलंत?"

"मी कुठे बोलावलं? एकाला काहीबाही दिसलं, मग सगळेच यायला लागले," बाबा म्हणाले. त्यांच्या थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली, पण तेवढा वेळ नव्हता.

दवाखान्यात बहिणीला प्राणवायू लावला. डॉक्टर तिच्या पोटावर यंत्र फिरवत होते आणि बराच वेळ काही ऐकूच येईना. भावोजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. शेवटी ठोके ऐकू आले, आणि मी, इतकी वर्षं लोकांना धीर देणारी बाई, ढसाढसा रडले.

म्हणून हात जोडून सांगते. घरात गॅस, कोळसा, लाकूड, काहीही जळत असेल तर धुराची वाट मोकळी ठेवा, वर्षाला तपासून घ्या. झोपायच्या खोलीजवळ अलार्म लावा आणि दर महिन्याला बटण दाबून बघा. एकाच खोलीत सगळ्यांची डोकी एकदम दुखायला लागली तर देव शोधू नका, खिडक्या उघडत निघा. अलार्म वाजला तर चपलाही शोधू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, मग मदत बोलवा, आणि जाणकार सांगेपर्यंत आत जाऊ नका.

त्या दिवशी मला जिन्यात आणखी दहा मिनिटं लागली असती, तर मला मावशी म्हणणारी माझी भाची आज या घरात नसती. तिची आईही नसती.