तेवढं एक वाक्य

कणकेचा गोळा लिंबाएवढा. सटवा तो पखवाजाच्या डाव्या तोंडावर अंगठ्याने पसरत होता — आधी मधोमध, मग कडेला, पुन्हा मधोमध — आणि आश्रुबा महाराजांना तिकडे बघायचं नव्हतं. मांडवाबाहेर चारा छावणीतली आठशे जनावरं एकदम हंबरायला लागली होती, टँकर आला असणार. पुढे बायका दाटीवाटीने बसत होत्या, कुणीतरी माईक फुंकून बघत होतं, आणि एवढ्या गदारोळात महाराजांच्या डोळ्यांनी धरून ठेवलं काय, तर एक अंगठा! वाटीत चमचाभर पाणी उरलं, ते सटवाने टाकलं नाही, पिऊन घेतलं. दुष्काळात कोण टाकेल म्हणा. पण हा सुकाळातही टाकत नसे.

गडावरच्या मठात कीर्तन शिकायला दोघं एकाच वर्षी आले होते. आश्रुबा गायचा, सटवा वाजवायचा. घोंगड्या कमी आणि पोरं जास्त, म्हणून दोघांत एक घोंगडी — सगळेच तसे झोपायचे, त्यात काय... हे ‘त्यात काय’ महाराज गेली पंचवीस-तीस वर्षं स्वतःला सांगत आले होते, आणि दर वेळी सांगून झाल्यावर त्यांना वाटायचं, अरे, पण विचारलं कुणी होतं?

आज सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन. धरण आटल्यापासून पालीजवळच्या या छावणीत चार गावांची जनावरं होती, आणि जनावरांपाशी माणसंही राहत होती. छावणी दूध संस्थेची, म्हणून सप्ताहही संस्थेचाच. चेअरमन भगवानरावांनी महाराजांना गाडीतून उतरता उतरताच सांगून टाकलं होतं, “महाराज, ते तेवढं घ्या बरं का. लोक त्याच्यासाठीच आलेत. अन् आमच्याबी कामाचं हाय ते.”

ते तेवढं म्हणजे एक वाक्य. गेल्या साली कोर्टाचा निकाल आला, पुरुषाने पुरुषाबरोबर राहणं हा गुन्हा नाही असा, आणि त्याच महिन्यात पाऊस गेला तो गेलाच. घाटनांदूरच्या कीर्तनात महाराजांच्या तोंडून निघून गेलं : “बाप्या बाप्याशी नांदाया लागला, मग ढगानं धरणीकडं कशापायी बघायचं?” लोक हसून लोटपोट झाले. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं. पुण्यामुंबईच्या लोकांनी शिव्या घातल्या, एक तक्रार झाली, टीव्हीवाला दारात ठाण मांडून बसला — आणि महाराजांच्या वर्षभराच्या तारखा भरून गेल्या. शिव्यांचं त्यांना काही वाटलं नाही. ते खरंच मानत होते. एवढं मोठं आभाळ आणि एवढी मोठी जमीन ज्या नेमाने एकमेकांना बांधलेली, तो नेम माणसाने एका जागी सैल केला की सगळीकडेच सैल होणार, यात न पटण्यासारखं काय आहे? मी काही पोटासाठी बोलत नाही. मी... पण सटवा या छावणीत आहे, आणि दुसरा मृदंगी नसल्याने वाजवायला तोच बसणार, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी टाकीपाशी हातपाय धुताना तो आपण होऊन पुढे आला. केस पांढरे, गाल बसलेले, बोटं मात्र तीच.

“महाराज,” सटवा म्हणाला. महाराज! सगळं जग तेच म्हणतं, मग याने म्हटलेलं मनाला का लागावं?

“आज ते बोलू नका. छावणीची कमिटी तुमच्या तोंडाकडं बघून हाय. तुमी बोललात की आमाला छावणीतून काढायला निमित्त गावतंय त्यांना. चार जनावरं हायत आमची. बाहेर कुठं नेऊ? गवताची काडी न्हाई.”

“आमची म्हणजे?” महाराजांनी माहीत असून विचारलं.

“माझी अन् गहिनीनाथची.”

ऊसतोडीला जोडी लागते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. त्याने तोडायचा, तिने मोळी बांधायची, आणि मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. सटवा आणि गहिनीनाथ पंचवीस वर्षं एक कोयता म्हणून कारखान्याला जात होते. तिकडे पाचटाच्या एका कोपीत राहायचे, गावी आले की एका घरात. लोक थट्टा करायचे, तेवढंच. बायका तर म्हणायच्या, आमच्या जोडीपरीस हीच बरी, भांडत तरी न्हाईत. मग महाराजांचं वाक्य मोबाईलवरून गावात आलं आणि थट्टा बंद झाली. थट्टा करणारी माणसं परवडतात. गप्प बसणारी ठराव करतात.

“बघू,” एवढंच महाराज म्हणाले. सटवा जरा घुटमळला, मग आवाज खाली घेऊन म्हणाला, “आश्रुबा, तुला ठावं हाय मी कसा हाय ते.” आणि गेला.

ठावं हाय? काय ठावं आहे मला? गडाच्या पायथ्याशी ऊसतोड टोळीचा ट्रक उभा होता, मी शेवटच्या पायरीवर, एवढं ठाऊक आहे. ट्रकमधून एका काळ्या, हसऱ्या पोराने हात खाली दिला आणि सटवा तो धरून वर चढला. वरून तो म्हणाला, “चल की!” — म्हणाला का? की ते मी नंतर, तापात, माझं मीच घातलं? चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी उठलो तो सगळं लख्ख होऊन : पाप म्हणजे काय, नेम म्हणजे काय, माणूस कशाने बुडतो. तेव्हापासून एकदाही शंका आली नाही. लग्न केलं, मुलं झाली, कडूबाईने कधी तक्रार केली नाही... कडूबाईने कधी काहीच केलं नाही. पण “चल की” त्याने कुणाला म्हटलं होतं? पायरीवर दुसरं कोण होतं?

कीर्तन रंगलं. ते रंगायला नको होतं. महाराज श्वास घ्यायला थांबत तिथे सटवाचा हात आधीच येऊन थांबलेला असे. इतक्या वर्षांत इतके मृदंगी झाले, पण गळ्याला असं कुणी सांभाळलं नव्हतं. महाराजांना इतकं बरं वाटलं की त्यांना त्याचा राग आला. नाही बोलायचं, त्यांनी ठरवलं. झाडांवर बोलू, पाण्यावर बोलू. “आता तुमी म्हणाल, महाराज, पाऊस कावून पडंना—” आणि ते थांबले.

थांबले तिथेच चुकलं. मोबाईलवरही ते नेमके तिथेच थांबत.

“बाप्या बाप्याशी नांदाया लागला!” बायकांतून म्हातारी बायडाबाई ओरडली, पाठ केलेल्या पोरीसारखी खूश होऊन, आणि उरलेलं अर्धं अख्ख्या मांडवाने एका सुरात म्हटलं. मग हशा. महाराजांनी एक हात वर केला असता तर हजार माणसं गप्प झाली असती, त्यांची सगळी विद्याच ती. हात उपरण्यावर राहिला. हशा ओसरला त्या जागी सटवाने ठेका धरला, मात्रेचीही चूक न करता. भगवानरावांनी कमिटीतल्या दोघांकडे पाहिलं आणि ते दोघे उठून बाहेर गेले.

हंडी फुटली. लाह्या, दही, लोणच्याचा खार, सगळं एक झालं. काल्याचा घास आपला आपण खायचा नसतो; शेजारच्याने भरवायचा, आपण त्याला भरवायचा, आणि समोर कोण आहे हे बघायचं नाही. महाराजांच्या तोंडापुढे एकदम दहा हात आले. त्या हातांमधून त्यांना पलीकडचं दिसलं : कमिटीचे दोघे कमरेवर हात ठेवून उभे, गहिनीनाथ दावी सोडतोय, सटवा त्याच्यापाशी पोचलेला. त्या दोघांकडे घास घेऊन कुणीही गेलं नव्हतं. सटवाने ओंजळीतून थोडा काला नेला होता. त्याने गहिनीनाथला भरवला. गहिनीनाथने बोटं धोतराला पुसली आणि त्याला भरवला. मग एकाने दोन्ही गायी धरल्या, एकाने बैलजोडी.

मी बोललो नाही, महाराज मनाशी म्हणाले. मी एक अक्षर बोललो नाही. आणि लोकांनी ते बोलून टाकलं तेव्हा आपल्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे त्यांच्या आता लक्षात आलं. धावत जाऊन भगवानरावांना सांगता येईल. अजून येईल. जनावरं रस्त्याला लागेपर्यंत येईल.

“आ करा, महाराज,” कुणीतरी म्हणालं. त्यांनी तोंड उघडलं. त्यांना दया यायला हवी होती, निदान पश्चात्ताप, नाहीतर जिच्या जोरावर ते इतकी वर्षं बोलत आले ती किळस तरी. यातलं काहीच येईना. आला तो हेवा, जुना, ओळखीचा. गहिनीनाथच्या जागी मी असायला हवा होतो — हे वाक्य त्यांच्या मनात स्वच्छ उमटलं, आणि समोर पाया पडायला रांग लागली होती.