घरातली भाषा

१९१८ साली, अमेरिकेचं जर्मनीशी युद्ध चालू असताना, ओहायोतल्या त्या लहानशा विद्यापीठात जर्मन शिकवणं बंद झालं. ठराव विश्वस्तांचा, पण चॅपलमध्ये सगळ्या पोरांसमोर तो वाचून दाखवला अध्यक्ष लायमन हॉसमरसाहेबांनी. स्वतः जर्मनीत, लाइपझिगला शिकलेला माणूस! तरी वाचला.

तेवढ्यानं भागतं तर काय हवं होतं? विश्वस्तांपैकी जज क्रॅन्डल त्यांना बाजूला घेऊन म्हणाले की, तुमची बायको जर्मन आहे हे आम्ही चालवून घेतलं, पण घरात अजून तीच भाषा चालते असं मोलकरीण गावभर सांगत फिरतेय. घर आवरा, नाहीतर जूनमध्ये नवा अध्यक्ष बघावा लागेल.

हॉसमरसाहेब राजीनामा देऊ शकत होते. नवं वाचनालय अर्ध्यावर आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. उगाच कशाला लपवायचं, खुर्ची सुटवत नव्हती.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी बायकोला, ओटिलीला, सांगितलं. लाइपझिगला भेटल्यापासून दोघं एकमेकांशी जर्मनच बोलत आले होते. तिनं काटा खाली ठेवला.

"दार लावून घेतलं तरी नाही?"

"नाही."

"आणि मी झोपेत बोलले तर काय करशील, लायमन?"

 साहेब मान खाली घालून जेवत राहिले. जेवण कसलं, नुसते घास ढकलले.

दुसऱ्या दिवसापासून ओटिली इंग्रजीत बोलू लागली, तेही कामापुरतं. घर पार मुकं झालं.

जूनमध्ये विश्वस्तांनी साहेबांना पुन्हा अध्यक्ष नेमलं. बातमी सांगायला ते लगबगीनं घरी आले. ओटिली बागेत वाटाणे सोलत बसली होती.

"अभिनंदन. तुमच्या मनासारखं झालं."

"अगं, पाहुण्याशी बोलल्यासारखं काय बोलतेस?"

"मग कशी बोलू?" हातातली शेंग तशीच धरून ती म्हणाली. "जर्मनमध्ये मी तुम्हाला 'डू', जवळच्यांचं 'तू', म्हणायची. देवाला, आईला आणि तुम्हाला, बस. इंग्रजीत तो शब्दच नाही. दूधवाल्याला जे म्हणते, तेच नवऱ्याला म्हणायचं."

 तिच्याजवळ बसून, किती महिन्यांनी, साहेब जर्मनमध्ये कुजबुजले, "एकदा म्हण ना. फक्त एकदा."

ओटिलीनं, आत मोलकरीण वावरत होती त्या स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीकडे पाहिलं आणि इंग्रजीतच म्हणाली, "नको. खुर्ची जाईल तुमची."