माईचे न धुतलेले टॉवेल

सभागृहाच्या दारापासून समोरच्या लॉन्ड्रीच्या पायरीपर्यंत माणसांची रांग लागली होती. आत काचेच्या खोलीत वारामाई बसलेली. तिसरं वर्ष चालू होतं म्हणे, अन्नाचा कण नाही, दुधाचा थेंब नाही. तासातासाला, कर्ण्यावरून तिची महती सांगणारा तिचा कर्णेवाला झाकलेल्या भांड्यातून एक वाफाळता टॉवेल आणायचा. माई तो तोंडावर घट्ट धरून ध्यानात जायची, आणि कर्णा गाऊ लागायचा:

‘वारा माझा घास गं, ऊन माझं पाणी,
भुकेला मी निरोप दिला, झाले मी शहाणी.’

‘पोट म्हणजे भाडेकरू,’ कर्णेवाला समजावून सांगायचा. ‘लक्ष देऊ नका, आपोआप जागा सोडतो.’ लोक माना डोलवायचे. त्याचा स्वतःचा भाडेकरू शर्टाच्या गुंड्या ताणून ऐसपैस राहत होता, तो कुणाला दिसत नव्हता.

लॉन्ड्री दोघी बहिणींची. तिथे इस्त्री करणाऱ्या धाकटीला दिसायचे ते माईचे केस. दाट, काळेभोर, कमरेखाली आलेले. तिच्या मनात हेवा पेटला. गरम इस्त्री कापडावर विसरावी तसा, एकाच जागी जाळत बसणारा.

गेल्या वर्षी धाकटीनेही खाणं सोडलं होतं. देवासाठी नव्हे, घास गिळायचीच भीती बसली होती. तो आजार आहे, हे दवाखान्यात पोचल्यावर कळलं. तोवर हात गार पडले होते आणि केस फणीत यायला लागले होते. ‘बाहेरून जळण मिळालं नाही की शरीर आधी घरातली लाकडं जाळतं,’ तिथल्या आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या. ‘मग दारं-खिडक्या, शेवटी तुळया. हृदय हीसुद्धा तुळईच. आता सावकाश, ठरल्या वेळेला खायचं. केसांना धीर दे, ते सगळ्यात शेवटी परततात.’

थोरली बहीण त्या वेळा गिऱ्हाईक थांबवून पाळायची. पण माई आल्यापासून दोन दिवस ताट तसंच परत जात होतं.

‘तिला जमलं, मला का नाही?’ धाकटी म्हणाली.

‘काय जमलं?’

‘न खाता असं दिसणं.’

थोरलीने हातातला शर्ट खाली ठेवला. ‘परवा तुझी तपासणी आहे. पुन्हा घसरलीस तर भरती करतील. अगं, त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर मला परत बसवू नकोस.’

तेवढ्यात कर्णेवाला गठ्ठा घेऊन आला. ‘माईंच्या मुखाला लागलेले टॉवेल. वाळवून आणलेत. भक्तांना वाटायचे आहेत. पाणी लावू नका, तेज उतरतं. नुसती इस्त्री फिरवा.’

या माणसाने आयुष्यात इस्त्री हातात धरली नव्हती. वाळलं म्हणजे मिटलं, असा त्याचा समज. प्रसादासाठी रांग लॉन्ड्रीकडे वळली.

धाकटीने पहिला टॉवेल पसरला. खळ घातल्यासारखा कडक. पण खळ इस्त्रीखाली सरळ होते. इथे इस्त्रीच चिकटली. मधोमध तपकिरी डाग उमटला आणि धूर निघाला.

‘कुणाचं दूध उतू गेलं गं?’ रांगेतल्या एका आजीने विचारलं.

‘माईंचं तेज आहे ते,’ कर्णेवाला म्हणाला.

‘मग तेजावर साय धरते का बघा.’

धाकटीने दुसरा घेतला, तिसरा घेतला. प्रत्येकावर, जिथे तोंड येतं तिथे, तोच डाग. आजीने एका टॉवेलाचं टोक जिभेला लावलं. ‘साखरही आहे हो.’

थोरलीने धाकटीसाठीच तापवून ठेवलेलं दूध होतं. धाकटीने धुतलेला टॉवेल त्यात बुडवला, बाहेर काढून रिकाम्या पेल्यावर पिळला. पेला काठोकाठ भरला.

‘एका टॉवेलात एवढं,’ ती म्हणाली. ‘आणि टॉवेल दर तासाला.’

‘मनात श्रद्धा नसली की असंच दिसतं,’ कर्णेवाला पुटपुटला.

‘श्रद्धेला काय करायचंय, दादा?’ आजी म्हणाली. ‘उद्या टॉवेल आमचे आणि पाणीही आमचं. मग बसू दे माईला.’

संध्याकाळच्या आत काचेची खोली रिकामी झाली.

धाकटीचा हेवा मात्र गेला नव्हता. त्याने फक्त तोंड फिरवलं होतं. ‘ती रोज पीत होती, ताई,’ ती म्हणाली. ‘मी तिच्या उपाशीपणावर जळत होते, आणि ती पोटभर पीत होती.’

दोन कॉलेजच्या मुली अजून पायरीवर रेंगाळत होत्या. एकीने हळूच विचारलं, ‘मग ते केस?’

‘खाण्यापिण्याचे,’ धाकटी म्हणाली. ‘न खाता असे राहत नाहीत. माझे गळले, मला विचारा. कुणी वाऱ्यावर जगतो म्हणाला की आधी बघा, त्याच्या हातात काय येतं, तोंडाशी काय जातं. आणि घास गिळायची भीती वाटत असेल, तर लपवू नका. घरात सांगा, डॉक्टरांकडे जा. ते बरं होतं. वेळ लागतो, पण होतं.’

मुली गेल्या. धाकटीने इस्त्री बंद केली.

‘ताई, वाढ. भीती वाटतेय अजून. समोर बस.’

भर धंद्याच्या वेळी थोरलीने दारावर ‘बंद’ची पाटी लावली, दोन ताटं घेतली आणि समोर बसली.