कानामागची जागा

ऑफिसात तिला सगळे कानवाली म्हणायचे आणि तीही बिनतक्रार ओ द्यायची. तेरा वर्षांपूर्वी ही कंपनी म्हणजे एक खोली, चार टेबलं आणि संगणकावर माणूस बनवायचं सॉफ्टवेअर काढायची एक खटपट, एवढंच होतं. गेम किंवा ॲनिमेशन करणाऱ्याने ते उघडलं की समोर एक साधासुधा माणूस उभा राहायचा. मग बाजूच्या पट्ट्या सरकवत बसायचं. नाक लांब करा, पोट पुढे आणा, वय सत्तर करा, डोळे घारे करा. त्या साध्यासुध्या माणसाचे अवयव चौघांनी वाटून घेतले. एकाने चेहरा घेतला, एकाने धड, एकाने हातपाय, आणि ही त्या दिवशी अर्धा तास उशिरा पोचली म्हणून हिच्या वाट्याला कान उरले.

कान करणं म्हणजे डोक्याला ताप. एवढ्याशा जागेत इतक्या घड्या आणि इतके खळगे, की बघणाऱ्याने बघतच राहावं आणि बसणाऱ्याने हलू नये. न हलणारा माणूस तिच्या घरातच होता. वडील घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून बसले की दोन दोन तास मान वळायची नाही. तिने सलग दोन रविवार त्यांच्या टेबलाशी ठाण मांडलं. ते कुणाचंतरी नाजूक मनगटी घड्याळ उघडून बसलेले, आणि ही कधी बाजूने, कधी मागून डोकावत पडद्यावर कान घडवतेय.

"हलू नका हं, बाबा."

"मी हललोय का कधी?" वडील म्हणाले, आणि खरंच हलले नाहीत.

पुढे सॉफ्टवेअर चांगलंच चाललं. तेव्हा एक गंमत लक्षात आली. लोक नाकावर तासभर घालवायचे, हनुवटीवर त्याहून जास्त, पण कानाच्या पट्टीला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. त्यामुळे त्यातून निघालेले राजे, चोर, अंतराळवीर, शाळकरी मुली, झाडून सगळ्यांना एका घड्याळजीचा कान होता. वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "राक्षसालासुद्धा?" राक्षसालासुद्धा, म्हटल्यावर त्यांची स्वारी खूष झाली. मग कुणीही भेटो, राक्षसाचा विषय निघाल्याशिवाय गप्पा संपायच्या नाहीत.

आता वडील शहात्तर वर्षांचे. दुकान बंद करून लेकीकडे राहायला आले, ते दुकानातलं लंबकाचं घड्याळ तेवढं बरोबर घेऊन. ते दिवाणखान्यात त्यांच्या खुर्चीच्या बरोबर वर टांगलेलं. वडिलांची रीत अशी होती, की आलेलं घड्याळ उघडायच्या आधी कानाला लावायचं. अर्धं मिनिट ऐकलं की आत काय दुखतंय ते सांगायचे. नव्याण्णव वेळा बरोबर निघायचं, आणि शंभराव्या वेळी गिऱ्हाईक खोटं बोलतंय म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी भिंतीवरचं ते घड्याळ लंगडायला लागलं. टिक, मग जरा रेंगाळून टॉक, आणि लगेच घाईने टिक. पूर्वी असलं काही कानावर पडलं असतं तर वडील भरल्या ताटावरून उठले असते. आता ते त्याच्याखाली शांतपणे पेपर वाचत बसले होते.

"कुणालातरी बोलावून नीट करून घेऊ," नवरा म्हणाला.

"घरात घड्याळजी असताना?"

"मग त्यांना सांग."

सांगणार काय? बाबा, तुम्हाला आता टिकटिकसुद्धा ऐकू येत नाही, हे? तिची जीभ रेटेना. घड्याळ आठवड्याला सात मिनिटं मागे पडायचं. दर रविवारी वडील आंघोळीला गेले की ती स्टुलावर चढून काटा पुढे सरकवायची आणि साळसूदपणे खाली उतरायची.

कानाचं मशीन आणून झालं होतं. अडीच वर्षांपूर्वी, चांगल्यातलं, कानामागे अडकवायचं. वडिलांनी ते मोजून आठ दिवस लावलं आणि बारीक स्क्रूंच्या खणात टाकून दिलं. "मला नाही लागत." तिने समजावलं, चिडून पाहिलं, चार दिवस अबोला धरून पाहिला. शेवटी हट्टी म्हणून मोकळी झाली. शेजारपाजारचे घड्याळं घेऊन यायचे, तेही वडिलांनी बंद केलं. म्हणे डोळे थकले. औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं मात्र ते चष्म्याशिवाय वाचायचे.

अशात सोमवारी मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे त्या पहिल्या चौघांतल्या एक, आता कंपनीच्या प्रमुख. सॉफ्टवेअरमध्ये माणसांना घालायच्या नव्या वस्तू येणार होत्या: चष्मे, कुबड्या, दातांच्या तारा आणि कानाचं मशीन. लोकांनीच मागितलं होतं. एका मुलीने तर लिहिलं होतं, की माझ्या योद्ध्याला माझ्यासारखंच मशीन हवं, नाहीतर ती मी नाहीच.

"कान तुझा, तेव्हा मशीनही तुझं," मोठ्या बाई म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत."

मशीन करायला एक दिवस लागला. मंगळवारी तिने ते चाचणीवाल्याकडे दिलं. हा गडी बनवलेल्या माणसांना पळवतो, उड्या मारायला लावतो आणि काय मोडतं ते मिटक्या मारत सांगतो.

"कानवाली," तो ओरडला, "तुझ्या योद्धा बाईचं मशीन पडलं!"

पडद्यावर योद्धा बाई जिन्यावरून उडी मारत होती आणि मशीन कानावरून सुटून खांद्याशी लोंबत होतं. तिने मशीनचा कानामागचा आकडा वळवला, पुन्हा दिलं. पुन्हा पडलं. वजन कमी केलं. पडलं. बुधवारी दुपारपर्यंत अकरा वेळा पडलं, आणि चाचणीवाल्याने फळ्यावर अकरा रेघा ओढून ठेवल्या. शेवटी वैतागून तिने कानाची पट्टी सरकवली. भलताच कान आला. त्याच्यावर मशीन चपखल बसलं आणि बाई उड्या मारून थकली तरी हललं नाही.

म्हणजे मशीनची चूक नव्हती. कानाची होती.

तिने मूळ कान परत आणला, मोठा केला आणि मागून पाहिला. वरचा भाग डोक्याला अगदी चिकटून. मध्ये नखाएवढीही जागा नाही. आकडा अडकायचा कुठे? तेरा वर्षांपूर्वी तिनेच हे इतकं निगुतीने केलं होतं. तेव्हा कुणी म्हणालंही होतं, कान इतका चिकटलेला नसतो, आणि ती फणकारली होती, "असतो. मी समोर बसून केलाय."

"मूळ कान दोन मिलिमीटर बाहेर ओढ, झालं," पाठीमागून मोठ्या बाई म्हणाल्या.

तिचे डोळे भरून आले होते आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला होता. हा कान जगात तिच्याइतका कुणी पाहिलेला नाही, आणि तिने त्याच्या मालकाला हट्टी म्हटलं.

"उद्याचा दिवस द्या," ती म्हणाली. "आणि मला छपाईचं यंत्र लागेल."

ऑफिसात छोटे पुतळे काढायचं यंत्र होतं. संध्याकाळी ती घरी आली ती पिशवीत एक कान घेऊन. खरोखरच्या मापाचा, मागे डोक्याचा थोडा भाग ठेवलेला, राखाडी. तिने तो वडिलांपुढे ठेवला.

"कुणाचा?"

"राक्षसाचा," ती मोठ्याने म्हणाली.

वडील हसले. मग भिंग लावलं आणि कान उलटा करून पाहिला. स्वतःच्या कानाची मागची बाजू माणसाला कुठली दिसायला? त्यांनी चिकटलेल्या जागेत एक कागद सरकवून पाहिला. तो जेमतेम शिरला.

"तरीच," ते म्हणाले. मग कागद बाजूला ठेवून, "तीनदा रस्त्यात पडलं. एकदा जिन्यात. उचलून दिलं ते खालच्या मजल्यावरच्या पोरीने."

"मग सांगितलं का नाही, बाबा?"

"काय सांगू? आयुष्यभर लोकांच्या घड्याळात केसाएवढी स्प्रिंग बसवली आणि स्वतःच्या कानावर एक मशीन बसवता येईना?" ते कानाकडे बघत म्हणाले. "लाज वाटली."

तिला खूप बोलायचं होतं. "चुकलं माझं," एवढंच ती म्हणाली, तेही दोनदा, कारण पहिल्यांदा त्यांना ऐकू गेलं नाही.

गुरुवारी ती कामावरून आली तेव्हा टेबलावर दिवा लागलेला होता, शिकंज्यात कान पकडलेला होता आणि वडील चिमटा घेऊन वाकले होते. कानामागे जागा नाही ना, मग पुढून धरायचं. त्यांनी घड्याळाच्या पोलादी तारेचा एक बारीक वळसा केला होता. तो खणातून काढलेल्या, नवा सेल घातलेल्या मशीनपासून निघून कानाच्या खळग्यात जाऊन बसायचा. टोक टोचू नये म्हणून घासून गोल केलेलं. त्यांनी शिकंजा सोडला, कान उचलून खुळखुळ्यासारखा हलवला. मशीन जागचं हललं नाही. तिला चाचणीवाला आठवला आणि ती खुदकन हसली.

"फोटो काढू द्या. उद्या हीच तार सॉफ्टवेअरमध्ये जाईल. कान आहे तसाच राहील."

"राक्षसालापण घाल," वडील म्हणाले. त्यांनी राखाडी कानावरचं मशीन सोडवलं, स्वतःच्या कानावर चढवलं, तार खळग्यात बसवली आणि मान डावी-उजवीकडे जोरात झटकली. मग बटण दाबलं.

नवरा दारात येऊन उभा राहिला होता. वडील खुर्चीत टेकले, त्यांनी पेपर उचलला आणि एक पान उलटलं. त्या आवाजाने जरा दचकले. मग पेपर हळूच खाली आला. मान वर झाली.

"हे लंगडतंय," ते म्हणाले. "किती दिवस?"

"दोन वर्षं," ती सवयीने मोठ्याने म्हणाली.

"आणि वेळ बरोबर कशी असते?"

"मी काटा सरकवते. रविवारी. तुम्ही आंघोळीला गेलात की."

वडील तिच्याकडे बघत राहिले. डोळे पाणावले होते, पण हात तोवर चिमटा शोधायला लागले होते.

"स्टूल आण," ते म्हणाले. "आणि ओरडतेस कशाला? बहिरा आहे का मी?"

ती स्टूल आणायला गेली.