तेच लाल गोल बटण

"सापडलं! अगं, बघता बघता सापडलं!" मावशीने लाल गोल बटण उंच धरलं आणि शिवणवर्गाचा हॉल टाळ्यांनी दणाणला. शेजारच्या काकूंनी तर चक्क शिट्टी मारली.

थोड्या वेळापूर्वी याच मावशीला तेच बटण पहिल्या ट्रेमध्ये काही केल्या सापडत नव्हतं. मग डोळे बरे करून देतो म्हणत वर्गात आलेल्या नेत्रमहाराजांनी तिच्या डोळ्यांत 'दिव्यजल' टाकलं, दुसरा ट्रे पुढे सरकवला, आणि काय विचारता!

"बटण तेच, गर्दी दुप्पट!" महाराज गरजले. "तरी चुटकीसरशी दिसलं! मोतीबिंदू विरघळला, जाळं वाहून गेलं, आतला दिवा पेटला!"

"मग कशाला हवंय ते ऑपरेशन?" मावशी भाचीला म्हणाली. "उद्याचं रद्द! दवाखान्यात कळवून टाक गं."

भाचीने फोन काढलाच नाही. गेल्याच आठवड्यात मशीनची सुई मावशीच्या बोटात घुसली होती. आणखी लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भाची शाळेत विज्ञान शिकवायची, पण मावशीपुढे तिची डाळ कधी शिजली नव्हती. तिने दोन्ही ट्रे निरखले आणि तिला एकदम हसूच फुटलं.

"महाराज, मलाही खेळू द्या की!" तिने बटण दुसऱ्या ट्रेमध्ये मिसळलं आणि ट्रे गर्दीत फिरवला. "काकू, लाल गोल कुठंय?"

"हे काय इथं!"

"आजोबा, तुम्ही?"

"हे घे! आणि चष्मा घरी राहिलाय माझा!"

"बघा, जल न घालताच! आता महाराज, तुम्ही जल घाला आणि यातलं शोधा." तिने बटण पहिल्या ट्रेमध्ये टाकून ढवळलं.

महाराज कुरकुरले, पण लोक सोडतात होय! डोळ्यांत जल, बोट एकेका बटणावर. "हे... छे, चौकोनी. हे गोल, पण पांढरं..." महाराजांना घाम फुटला आणि हॉलमध्ये खसखस पिकली.

"पाण्यात काही नाही, सगळी करामत ट्रेची," भाची म्हणाली. "दुसऱ्यात सगळी पांढरी. एकटं लाल आपणहून नजरेत भरतं, मग पांढरी दुप्पट असोत की दसपट. पहिल्यात लाल चौकोनी आहेत आणि पांढरी गोलही आहेत. रंग आणि आकार दोन्ही बघायचे, म्हणजे एकेक तपासत बसायचं. मावशी, तुझे डोळे होते तस्सेच आहेत. बदलले ते बटणाचे शेजारी!"

मावशीने दोन्ही ट्रे जवळ ओढून पाहिले. मग इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "जन्मभर बटणं लावली, आणि मेल्यांनी मलाच बनवलं! महाराज, उद्या आमच्याबरोबर दवाखान्यात चला. तुमचेही डोळे तपासून घेऊ."

महाराज मागल्या दाराने पसार झाले.

ऑपरेशननंतर महिनाभराने मावशीने हौसेने पहिला ट्रे मागवला. बटण शोधायला तिला अजूनही वेळ लागला, पण सुईत दोरा मात्र तिने पहिल्या झटक्यात ओवला. आता वर्गात नवी मुलगी आली की ती बजावते, "चमत्कार दिसला तर टाळी वाजव खुशाल, पण आधी विचार, दोन्ही वेळा ट्रे एकच होता का?"