द्रानेच्या गिरणीचं लाकूड

कोल कॉफीच्या दुकानात शिरला आणि शाळेच्या छतासाठी लाकूड जवळपास कुठं मिळेल, असं त्यानं विचारलं. शहरातून मागवलेल्या तुळया ओल्या निघाल्या होत्या. आठवडाभराच्या उन्हात त्यांना पीळ पडला. दुकानातले सगळे एकमेकांकडं बघू लागले. शेवटी मालक म्हणाला, "लाकूड कापायची गिरणी एकच आहे, नदीपलीकडं. द्रानेची. पण तू जाणार तिथं?"

कोल लहान असताना पाटाच्या पाण्यावरून भांडण झालं आणि द्रानेच्या नवऱ्यानं कोलच्या बापाला गोळी घातली. नवरा पुढं तुरुंगात मेला. आमच्या अल्बानियाच्या डोंगरात मात्र हिशेब मेलेल्याबरोबर मिटत नाही. तो मुलावर येतो. म्हणून द्रानेचा मुलगा प्रेंग मिसरूड फुटल्यापासून घराबाहेर पडला नव्हता. कोलला घेऊन त्याची आई ग्रीसला निघून गेली होती. आता तो ठेकेदार होऊन आईसह परतला होता, आणि त्याचा काका बिब सुडाची वाट पाहत होता.

द्राने एकटीच करवतीवर ओंडका सरकवत होती. परका दिसताच तिनं यंत्र बंद केलं आणि कुऱ्हाड उचलली.

"कुणाचा रे तू?"

"मी कोल. शाळेला तुळया हव्यात, मावशी."

"नाव नाही, घराणं विचारलं."

"आधी लाकूड तर दाखवा."

"लाकूड बघायला आलेला लाकडाकडं बघतो. तू मघापासून खिडकीकडं बघतोयस."

खिडकीला फळ्या ठोकलेल्या होत्या. आत कुणीतरी खोकलं. आपण लाकडासाठी आलो की त्या खोकणाऱ्याला बघायला, हे कोलला स्वतःलाही सांगता येईना. लाकूड उत्तम होतं. सुकं, सरळ, रंधा मारलेलं.

"रंधा कोण मारतं?"

द्रानेचे डोळे बारीक झाले. "तुला काय करायचंय?"

घराणं न सांगताच तो परतला.

रविवारी प्रार्थना आटोपून सगळे पुरुष दुकानात जमले होते. बिबनं पुतण्याला शेजारी बसवलं. "तिनं तुला अंगणात घेतलं म्हणे! देवच पावला. पोरगा कुठल्या खोलीत असतो?"

"काका, मी लाकूड बघायला गेलो होतो."

"ते आम्हाला नको सांगू. खोली सांग."

"नाही सांगणार. आणि मारणारही नाही."

बिब उठला. त्यानं पाय उचलला आणि कॉफीचा कप गुडघ्याखालून पुढं केला. बापाचा सूड न घेणाऱ्याला अशीच कॉफी मिळते. ती मिळालेला माणूस गाव तरी सोडतो, नाहीतर बंदूक तरी उचलतो.

कोलनं कप दोन्ही हातांनी घेतला आणि सगळा संपवला. त्याचे कान लाल झाले होते.

"साखर कमी आहे, काका. उद्या जरा जास्त घाला. मी इथंच राहणार आहे."

तिथून तो थेट गिरणीवर गेला. "मावशी, मी मार्कचा कोल. तुमच्या नवऱ्यानं मारलं, त्या मार्कचा."

कुऱ्हाड वर गेली.

"मी सूड सोडला. चारचौघांत सांगून आलोय."

"दुसऱ्या एका घराण्यानं माझ्या दिराला असंच गोड बोलून बाहेर काढून मारलं होतं! कोट काढ."

त्यानं कोट काढला, खिसे उलटे केले आणि ओंडक्यावर बसला. "विश्वास नका ठेवू. पण तुळया चढवायला जोडीदार लागतो, आणि ज्यानं रंधा मारलाय त्याच्या हातात कसब आहे."

दार करकरलं. प्रेंग उंबऱ्यावर उभा होता. ताज्या फळीसारखा पांढरा, उन्हानं डोळे मिटलेले. द्राने धावत मध्ये आली.

"आई, बाजूला हो. मला त्याचं तोंड बघू दे."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग प्रेंगनं विचारलं, "छताचा उतार किती ठेवणार?"

कोल आणि प्रेंग छत चढवत असताना द्राने शाळेखाली रस्त्याकडं तोंड करून उभी असायची. कोल वरून म्हणाला, "मावशी, अजून संशय आहे का?"

"आहे. तुझ्यावर थोडा, तुझ्या काकावर फार."

"मग राहा उभ्या. मागच्या वाटेवर माझी आई उभी आहे."

आम्ही गावकरी त्या दोन विधवांच्या मधून माना खाली घालून ये-जा करत होतो. मुलांना जगू द्यावं म्हणून दोन बायकांना भर उन्हात पहारा द्यावा लागतो आणि आम्ही त्याला घराण्याची इज्जत म्हणतो. त्या बायांशेजारी जाऊन उभं राहायला आमच्यापैकी कुणाचेच पाय का उचलले नाहीत?