साळूबाईचा पाळणा

पंचक्रोशीत साळूबाईसारखा पाळणा म्हणणारी दुसरी बाई नव्हती. जाफराबादेकडच्या वस्त्यांवर कुणाचंही बारसं असो, तिला बोलावणं यायचंच. अन् सख्ख्या लेकीच्या बाळंतपणाला ती जालन्याला आली, तर बारशाच्या आदल्या दिवशी लेकच तिला म्हणाली, "आई, उद्या जास्त बोलू नकोस हं. कचेरीतल्या कारकुनांच्या बायका येणार आहेत. त्या हसतात."

आता ही लेक, द्वारका, तीही मेंढरांमागंच वाढलेली. तिच्या तोंडी 'माय'ची 'आई' झाली ती जालन्यात. नवरा रायभान कचेरीत चिकटला, दिवसभर उर्दूत खर्डेघाशी करायचा, अन् इकडं शेजारणी द्वारकेच्या एकेका शब्दाला तोंडाला पदर लावायच्या. वर्षभर बिचारी जिभेला वळण लावत बसली. स्वतः सोसलेलं विसरली अन् तेच आईच्या पदरात घातलं. याला शहाणपण म्हणायचं!

साळूबाई "बराबर हाय" एवढंच म्हणाली.

बारशाला बायका जमल्या. आत्यानं तान्हीच्या कानात नाव सांगितलं, उषा. मंग रीतच ती, सगळ्या म्हणाल्या, "आता आजीचा पाळणा होऊ द्या."

द्वारकेला वाटलं, गाऊ दे. वाटलं, नको गं बाई. साळूबाईनं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं. द्वारकेनं मान खाली घातली. तशी म्हातारीनं हातानंच नको म्हणून खूण केली.

"मुकी आहे का हो?" कुणीतरी कुजबुजलं. द्वारका हसली. हो, हसली! त्या हसण्याची तिला जन्मभर लाज वाटली.

घुगऱ्या घेऊन बायका गेल्या. पोर रडायला लागली. साळूबाई ओठ घट्ट मिटून पाळण्याची दोरी ओढत होती. पोर काही केल्या थांबेना. शेवटी द्वारकेला राहवेना, तिनं आईचे पाय धरले.

"माय, चुकलं माझं. गा की आता. कोणी न्हाई इथं."

साळूबाईनं पदरानं तिचे डोळे पुसले. म्हातारी रागावली असती तर बरं झालं असतं.

"येडी का काय तू? मला राग बिलकुल न्हाई. पण पोर ऐकून राह्यली ना. माझी बोली तिच्या कानात बसली, तर उद्या तिलाबी हसतील."

अन् ती नुसतीच दोरी ओढत राहिली. पोर रडत होती.